सेवकाचा पगार कुणाच्या खिशातून येतो ते आधी बघा

अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये ख्रिस्ती काम करणाऱ्या ज्या मोठ्या संस्था आहेत, म्हणजे इंटरव्हर्सिटी, क्रू वगैरे, त्यांचा विषय आपल्या मंडळ्यांमध्ये निघाला की किती मुलं आली, किती बायबल स्टडी सुरू झाले, कॅम्प किती छान झाला एवढंच बोलणं होतं. मुलांमध्ये जाऊन बसणाऱ्या त्या माणसाचं घर कशावर चालतं हे कुणी विचारतच नाही. आणि मला वाटतं सगळं घोडं तिथेच अडलंय. शहराच्या मधल्या जुन्या गरीब भागात, ज्याला इथे इनर सिटी म्हणतात, तिथल्या ब्लॅक मुलांपर्यंत हे काम धड पोचत नाही आणि पोचलं तरी टिकत नाही. याला लोक शंभर कारणं देतात, गाणी त्यांच्या वळणाची नाहीत, वक्ते गोरे असतात, मुलांना वेळ नसतो, हे सगळं थोडंथोडं खरंच आहे, पण मुळाशी गेलं की पगाराची पद्धत हाताला लागते.

पद्धत अशी आहे. या संस्थांमध्ये कॅम्पसवर काम करणाऱ्या स्टाफला बहुतेक वेळा संस्था स्वतःच्या तिजोरीतून पगार देत नाही, ज्याने त्याने आपला पगार आपणच गोळा करायचा. याला सपोर्ट रेझिंग म्हणतात. कॉलेज संपवून एखादा मुलगा सेवेला यायचं म्हणाला की त्याला आधी नावांची यादी करायला सांगतात, काका, मामा, घरच्या चर्चमधली माणसं, वडिलांचे मित्र, जुने शिक्षक, आणि मग एकेकाला फोन, एकेकाबरोबर कॉफी, महिन्याला पन्नास द्याल का, शंभर द्याल का. ठरलेला आकडा गाठल्याशिवाय कॅम्पसवर पाऊल ठेवता येत नाही. जमलेल्या पैशातला काही भाग संस्थेच्या खर्चालाही जातो. विश्वासाने जगणं असं याला म्हणतात आणि हे करणाऱ्या माणसांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला जराही शंका नाही, त्यातले कितीतरी जण फार काटकसरीत राहतात.

पण ज्याच्या नातेवाइकांकडे पैसा नाही त्याचं काय? अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता, कर्ज वजा जाता, २ लाख ८५ हजार डॉलर निघाली आणि मधल्या ब्लॅक कुटुंबाची ४४ हजार ९००. म्हणजे सहापटीहून जास्त फरक. आता या दोन घरांमधल्या मुलांना तुम्ही एकच वही हातात देता आणि म्हणता, नावं लिहा.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे, नॉर्थ फिलाडेल्फियात वाढलेली, टेम्पल युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतलेली, घरातली पहिलीच ग्रॅज्युएट. तिला आपल्याच कॅम्पसवर पूर्णवेळ सेवा करायची होती. संस्थेचं नाव घेत नाही. तिच्याबरोबर ट्रेनिंगला एक उपनगरातला मुलगा होता, चांगला, नम्र पोरगा. त्याच्या यादीत वडिलांच्या ऑफिसातली माणसं होती, घरचा डेंटिस्ट होता, दोन मोठ्या चर्चच्या मिशन कमिट्या होत्या. हिच्या यादीत मावश्या, आजीच्या शेजारणी, नर्सिंग होममध्ये काम करणाऱ्या चर्चमधल्या बायका, एक सेप्टाचा, म्हणजे इथल्या शहर बससेवेचा, ड्रायव्हर. त्यांनी दिलं नाही असं नाही हो, उपासनेनंतर हातात घडी घातलेली पाचाची नोट कोंबायचे, वर आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे, पण पाचाच्या नोटांवर हेल्थ इन्शुरन्स निघत नाही. एका मावशीने तर सरळ विचारलं, तुला डिग्री मिळाली, आता घरात पैसे द्यायची वेळ आली आणि तू आमच्याकडे मागतेस? मावशीचं काय चुकलं? ज्या घरात पहिलं पोर शिकतं त्या घरात पैसा पोराकडून आईबापाकडे वाहतो, उलटा वाहत नाही, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. तो मुलगा ऑगस्टमध्ये कॅम्पसवर रुजू झाला. ही पुढच्या वसंतापर्यंत फोनच करत होती आणि मग तिने एका हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात नोकरी धरली. त्या ब्लॅक मुलांमध्ये बसायला मग कोण आलं तर तो उपनगरातला मुलगा. तो मन लावून काम करतो, पण रात्री घरी जाताना कुठल्या गल्लीतून जायचं नाही हे सुद्धा त्याला तीच मुलं शिकवतात.

हे एका संस्थेचं पाप म्हणून मी सांगत नाहीये. पद्धतच अशी आहे की माणूस निवडायच्या आधी त्याच्या नात्यागोत्याची पैशाची चाळणी लागते, आणि आपण मात्र म्हणतो की ब्लॅक मुलं सेवेला पुढे येत नाहीत.

दुसरं, पैसा ज्याचा त्याला दुखेल असं बोलायला माणूस कचरतो. १९७० सालची गोष्ट घ्या. इंटरव्हर्सिटीची अर्बाना नावाची मोठी मिशन परिषद तेव्हा इलिनॉय विद्यापीठात भरायची. १९६७ च्या परिषदेत ब्लॅक मुलांना आपलं कुणी स्टेजवर दिसलंच नव्हतं, कार्ल एलिससारख्या हॅम्प्टन या ब्लॅक कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते लावून धरलं, आणि १९७० च्या डिसेंबरमध्ये टॉम स्किनर बोलायला उभे राहिले. स्किनर न्यूयॉर्कच्या हार्लेम या ब्लॅक वस्तीत वाढलेले, तरुणपणी टोळीचे म्होरके, मग सुवार्तिक. त्यांनी हजारो मुलांसमोर गुलामगिरीपासून सुरुवात केली, चर्च त्यात कुठे उभं होतं ते सांगितलं, आणि शेवटी मुक्त करणारा आलाय अशी आरोळी दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आमच्या टेम्पलच्या कॅम्पसवर ब्लॅक पँथर्स या जहाल ब्लॅक संघटनेचं अधिवेशन झालं होतं आणि जवळच्या चर्च ऑफ द अ‍ॅडव्होकेटने त्यासाठी आपली दारं उघडली होती. म्हणजे ब्लॅक तरुणांसमोर त्या वर्षी दोन हाका होत्या, आणि स्किनर यांनी दाखवून दिलं की येशूची हाक दुसरीपेक्षा मिळमिळीत असायची गरज नाही. आज पन्नासहून जास्त वर्षांनी ते भाषण सगळे अभिमानाने आठवतात. पण २०१५ च्या अर्बानात ब्लॅक वक्त्या मिशेल हिगिन्स पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या ब्लॅक लाइव्हज मॅटर चळवळीबद्दल उघड बोलल्या तेव्हा काही दिवसांतच संस्थेला खुलासा काढावा लागला, की त्या चळवळीच्या नावावर जे जे सांगितलं जातं ते सगळं आम्हाला मान्य आहे असं नाही. खुलाशातलं वाक्य खोटं नव्हतं, पण ज्या मुलाच्या मोहल्ल्यात पोलिसांच्या गाडीचा दिवा दिसला की आई दारात येऊन उभी राहते, त्या मुलाला तो खुलासा कुणासाठी लिहिलाय ते लगेच कळतं.

पैसा कुणाचा आणि उपदेश कोणता, हे नातं फार जुनं आहे. ब्लॅक धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांच्या आजी गुलामगिरीत जन्मलेल्या. त्या नातवाकडून बायबल वाचून घ्यायच्या पण पौलाची पत्रं वाचू द्यायच्या नाहीत, कारण मालकाने आणलेला गोरा उपदेशक नेहमी पौलावरच बोलायचा आणि वर्षातून निदान तीनचारदा एकच वचन काढायचा, दासांनो, आपल्या धन्याच्या आज्ञेत राहा. त्याच आजी दुसऱ्या एका उपदेशकाबद्दलही सांगायच्या, तो स्वतः गुलाम होता, अधूनमधून त्याला बोलायची मुभा मिळायची, आणि तो शेवटी सगळ्यांकडे बघून म्हणायचा की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरं आहात. दोन्ही उपदेशकांच्या हातात पुस्तक एकच, फरक एवढाच की एकाला मालकाने बोलावलेलं होतं.

हे थर्मन पुढे हॉवर्ड या ब्लॅक युनिव्हर्सिटीत चॅपलचे डीन झाले, म्हणजे आजच्या भाषेत कॅम्पस मिनिस्ट्रीच. १९३५-३६ मध्ये ते पत्नी सू बेली यांच्यासोबत छोटं शिष्टमंडळ घेऊन भारतात, ब्रह्मदेशात आणि सिलोनला आले होते. कोलंबोत एका माणसाने त्यांना गाठून विचारलं, तुमच्या लोकांना ख्रिस्ती लोकांनी विकलं, ख्रिस्ती लोकांनी झाडाला टांगून मारलं, आणि तुम्ही ख्रिस्ती म्हणून इथे काय करताय? मग बार्डोलीला गांधीजींची भेट झाली, तिथेही याच वळणाचे प्रश्न. थर्मन यांनी ते झटकून टाकले नाहीत, वर्षानुवर्षं घोळवले, आणि १९४९ साली पुस्तकातून उत्तर दिलं की येशू स्वतः रोमन सत्तेखाली चिरडलेल्या गरीब ज्यू समाजातला होता, ज्यांची पाठ भिंतीला लागलीय त्यांच्यातला होता.

आज टेम्पलच्या बाहेर ब्रॉड स्ट्रीटवर तोच प्रश्न रोज विचारला जातो. सेसिल बी. मूर स्टेशनच्या तोंडाशी हिब्रू इस्रायलाइट, म्हणजे ब्लॅक लोकच खरे इस्राएली असं मानणारे, उभे असतात, मुस्लिम भाऊ अत्तर आणि पुस्तकं विकतात, फिलाडेल्फियात ब्लॅक मुस्लिमांची वस्ती मोठी आहे, आणि कॉलेजच्या पोराला जाता येता ऐकू येतं की ख्रिस्ती धर्म गोऱ्या माणसाचा धर्म आहे. प्यू रिसर्चच्या २०२१ च्या अभ्यासात ब्लॅक समाजातल्या सगळ्यात तरुण पिढीतले साधारण २८ टक्के कुठल्याच धर्मात स्वतःला मोजत नाहीत, त्यांच्या आजीआजोबांच्या बूमर पिढीत हे प्रमाण ११ च्या आसपास आहे. म्हणजे प्रश्न नुसता रस्त्यावरच्या वादाचा नाही, घरातून पोरं सुटतायत. अशा पोराला ऑगस्टीन आफ्रिकेतला होता, इथिओपियाच्या खोज्याचा बाप्तिस्मा प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे, हे सांगायला हवंच, आणि शेजारच्या एपिफनी फेलोशिपसारख्या चर्चने २००६ पासून हे काम मनापासून केलंय. पण हे सगळं सांगणाऱ्याचा महिन्याचा चेक जर एकूण एक उपनगरातल्या गोऱ्या घरांमधून येत असेल, आणि ही गोष्ट मुलांना ठाऊक असते बरं का, देणगीदारांना पाठवायच्या न्यूजलेटरसाठी फोटो काढताना ती बघत असतात, तर त्याच्या उत्तरातला निम्मा जीव तिथेच जातो.

आता यावर पहिला आक्षेप येतो तो हा, की मग ब्लॅक मुलांचं वेगळं काम, वेगळा पैसा, वेगळी माणसं, ही मंडळीत फूट नाही का? ख्रिस्तात ना ज्यू ना हेल्लेणी. आक्षेप घेणारी माणसं भली असतात म्हणून त्यांना मी फिलाडेल्फियाचीच गोष्ट सांगते. अठराव्या शतकाच्या शेवटी इथल्या सेंट जॉर्जेस मेथडिस्ट चर्चमध्ये रिचर्ड अ‍ॅलन, अ‍ॅब्सलम जोन्स आणि बाकीचे ब्लॅक सभासद गुडघे टेकून प्रार्थना करत होते, आणि प्रार्थना चालू असताना ट्रस्टींनी त्यांना ओढून उठवलं, इथे बसायचं नाही म्हणून. अ‍ॅलन यांनी लिहून ठेवलंय की त्या चर्चची गॅलरी बांधायला आणि जमीन घालायला आम्हीही पैसा दिला होता, घाम गाळला होता. ते सगळे एकदम उठून बाहेर पडले. त्यातून १७९४ मध्ये बेथेल चर्च उभं राहिलं आणि १८१६ मध्ये एएमई, म्हणजे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल, हा पूर्ण पंथ. या पंथाने ओहायोतलं विल्बरफोर्स कॉलेज चालवलं, अटलांटात मॉरिस ब्राउन कॉलेज काढलं, म्हणजे नांगराच्या मागून आलेल्या पोरांना डिग्रीपर्यंत नेलं. फूट पाडली कुणी मग? उठवलं त्यांनी का उठून गेले त्यांनी? एकत्र बसायचं तर दोघांच्याही पायाखाली आपापली जमीन हवी, नाहीतर ते एकत्र बसणं एकाच्या मेहरबानीवर असतं.

इथे मला आपल्याकडची एक गोष्ट आणावीच लागते कारण ती खरोखर याच धाग्यातली आहे. मी नगरची. आमच्या मिशन कंपाउंडचा, शाळांचा, सगळा उगम अमेरिकन मराठी मिशनमध्ये, ते १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला नगरला. पाठवणारं होतं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड. आमच्या घरातल्या बायका वाचायला शिकल्या त्या बोर्डाच्या पैशावर, हे ऋण मी कधी नाकारणार नाही. पण त्याच बोर्डावर तेव्हा अमेरिकेत टीका होत होती की तुम्ही गुलाम ठेवणाऱ्यांच्या देणग्या घेता आणि गुलामगिरीविरुद्ध ठाम बोलत नाही. ज्यांना हे सहन होईना त्यांनी १८४६ मध्ये वेगळी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली, गोऱ्या आणि ब्लॅक दोघांनी मिळून, आणि यादवी युद्धानंतर याच असोसिएशनने नॅशव्हिलचं फिस्क, व्हर्जिनियातलं हॅम्प्टन, टालाडेगा, टुगालू अशी कॉलेजं उभी केली. म्हणजे पैसा कुठून घ्यायचा या एका प्रश्नावर वेगळे झालेल्या लोकांनी ब्लॅक तरुणांसाठी जे केलं ते एकत्र राहिलेल्यांच्या हातून झालं नाही. नगरच्या माणसाने तरी हा प्रश्न क्षुल्लक आहे असं म्हणू नये.

टेम्पलचीही गंमत बघा, गंमत कसली, दुःखच आहे. ही युनिव्हर्सिटी जन्मली ती एका बॅप्टिस्ट चर्चमधून. रसेल कॉनवेल नावाच्या पाळकाने १८८४ मध्ये दिवसा काम करणाऱ्या तरुणांना रात्री शिकवायला सुरुवात केली, त्यातून कॉलेज झालं. कॅम्पस मिनिस्ट्रीचा याहून मोठा नमुना कुठला? पुढे नॉर्थ फिलाडेल्फिया ब्लॅक होत गेलं, गोरी कुटुंबं उपनगरात गेली, आणि ते चर्चही ब्लू बेल या उपनगरात निघून गेलं. त्यांची ब्रॉड स्ट्रीटवरची दगडी इमारत आता युनिव्हर्सिटीचं सभागृह आहे, कार्यक्रम होतात तिथे. आज उपनगरातून सपोर्टचे चेक येतात ते पुष्कळदा अशाच, एकेकाळी शहर सोडून गेलेल्या मंडळ्यांकडून. त्यांनी द्यावं, नक्की द्यावं, पण पैसे परत पाठवले म्हणून आपण परत आलो असं समजू नये.

आता या मुलांना हवंय काय? दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या चर्चच्या तळघरात मुलांसाठी जेवण असतं, मी वाढायला असते. मॅकरोनी चीज, कॉलर्ड ग्रीन्स, चिकन, आणि माझी खिचडी कुणीतरी एकदा खाल्ली तेव्हापासून तीही मागतात. सहा वाजता बायबल स्टडी असतो असं कागदावर आहे, पण कुणी वेअरहाउसच्या शिफ्टवरून सात वाजता येतो, कुणाला साडेसातला धाकट्या भावाला आणायला जायचं असतं, एक मुलगी जेवणाचा डबा भरून घेते आणि बसमध्ये वचन वाचते म्हणते, वाचत असेलही. एका मुलाने मागच्या सेमिस्टरला चमचा हातात धरून बराच वेळ काही खाल्लंच नाही, विचारलं तर म्हणाला होल्ड लागलाय. म्हणजे सहाशे-सातशे डॉलर फी बाकी होती म्हणून पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन अडलं होतं. फायनल इयरचा मुलगा. सहाशे डॉलरसाठी चार वर्षं पाण्यात जायची वेळ.

हा एकट्याचा प्रश्न नाही. २०१० साली चार वर्षांच्या कॉलेजात दाखल झालेल्या मुलांमध्ये सहा वर्षांत डिग्री घेणारी गोरी मुलं ६४ टक्के होती आणि ब्लॅक मुलं ४०. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीने, तीही भर शहरातली, २०११ पासून एक साधी गोष्ट केली, थोडक्या बाकीपायी नाव कटणाऱ्या मुलांना शोधून त्यांची बाकी परस्पर भरून टाकायची, सरासरी ९०० डॉलरच्या आसपास, आणि त्यातली बरीचशी मुलं डिग्री घेऊन बाहेर पडली. हे एका सरकारी युनिव्हर्सिटीला सुचलं. आपण बंधुप्रेमावर इतके बायबल स्टडी घेतो, आपल्याला का सुचत नाही?

सुचत नाही कारण डोनरला कळवायचं असतं किती मुलं आली, किती जणांनी प्रभूला स्वीकारलं. होल्ड उठवला याचा आकडा न्यूजलेटरमध्ये बसत नाही. आकडे हवेत म्हणून काम जातं मोठ्या, होस्टेल असलेल्या कॅम्पसवर, जिथे मुलं संध्याकाळी मोकळी असतात. दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजं, जिथे घरून ये-जा करणारी, नोकरी करणारी, लेकुरवाळी ब्लॅक मुलं-मुली सगळ्यात जास्त भेटतात, ती कोरडीच राहतात. तिथे शंभर मुलांची मिटिंग कधीच होणार नाही. तिथे एक माणूस वर्षभर एका टेबलावर बसला आणि पाच मुलांना त्याने कॉलेज सोडू दिलं नाही, तर ते काम झालं. पण पाच मुलांचा फोटो कुणाला पाठवणार?

फी भरणं म्हणजे सुवार्ता नव्हे, हे काम सोशल वर्कवाल्यांचं, असं मला आपल्याच एका भाऊसाहेबांनी ऐकवलं होतं. भाऊसाहेब, याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा, भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुम्ही म्हणता सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. यापुढे मी वाद घालत नाही.

मग करायचं काय. उत्तर टेम्पलच्याच रस्त्यावर आहे. ब्रॉड स्ट्रीटवर झायन बॅप्टिस्ट चर्च आहे, तिथे रेव्हरंड लिऑन सलिव्हन १९५० पासून पाळक होते. १९६२ मध्ये त्यांनी मंडळीला सांगितलं, महिन्याला १० डॉलर, ३६ महिने. दहा-छत्तीस प्लॅन नावच पडलं. पन्नास माणसं पुढे येतील म्हणून हाक दिली, दोनशेच्या वर उभी राहिली. मोलकरणी होत्या त्यात, कारखान्यातले कामगार होते. त्या पैशाच्या जोरावर १९६८ मध्ये प्रोग्रेस प्लाझा हे ब्लॅक मालकीचं शॉपिंग सेंटर उभं राहिलं, ते आजही आहे, टेम्पलची मुलं तिथूनच किराणा आणतात. दरम्यान १९६४ मध्ये याच सलिव्हन यांनी एका जुन्या, पडीक जेलच्या इमारतीत कामाचं ट्रेनिंग देणारी ओआयसी सुरू केली आणि ती देशभर पसरली. गरीब मंडळीकडे पैसा नसतो हे म्हणणं तिथेच खोटं ठरलं. साताऱ्याच्या बाजूच्या लोकांना हे नवीन वाटायचं कारण नाही, कर्मवीर भाऊरावांचं बोर्डिंग मुष्टिफंडाच्याही जोरावर चाललं, घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढायच्या आणि त्यावर सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवून शिकली. मूठ टाकणारी बाई मग विचारायची हक्काने, पोरं नीट शिकतायत ना. उपनगरातला डोनर न्यूजलेटर वाचतो, पण ही बाई बोर्डिंगच्या दारात येऊन उभी राहू शकते.

हिशोब अगदी साधा आहे. टेम्पलच्या आसपासच्या चार-पाच मंडळ्यांनी मिळून ५०० माणसं काढली, महिन्याला १० डॉलर, तर महिन्याचे ५ हजार, वर्षाचे ६० हजार. त्यात एका माणसाचा पगार इन्शुरन्ससकट बसतो. माझ्या ओळखीची ती मुलगी हॉस्पिटलच्या बिलिंगमध्ये बसली नसती. आणि उपनगरातल्या चर्चना द्यायचंय ना, त्यांनी द्यावं, पण ते एका स्टाफच्या नावावर देऊ नये, होल्ड उठवायच्या सामाईक फंडात द्यावं, ज्याचा हिशोब स्थानिक कमिटी बघेल आणि ज्यातून कुणाचा फोटो परत जाणार नाही. मोठ्या संस्थांनाही माझं मागणं आहे, गोऱ्या स्टाफच्या खात्यात जो जास्तीचा सपोर्ट जमतो त्याचा ठरावीक हिस्सा सामाईक करा आणि ज्याची यादी तोकडी आहे त्याचा पगार त्यातून उभा करा. काही ठिकाणी असे फंड आहेत पण ते मर्जीवर आहेत, नियमात नाहीत.

यातली अडचण मला दिसत नाही असं नाही. पैसा स्थानिक चर्चचा आला की स्थानिक पाळकाची सत्ताही येते. काही ब्लॅक चर्चमध्ये स्वयंपाकघर, गायनवृंद, संडे स्कूल सगळं बायकांच्या खांद्यावर असतं आणि पुलपिटवर मात्र त्यांना चढू देत नाहीत, नगरलाही मी हेच बघत मोठी झाले. कॉलेजची मुलं या गोष्टींवरून प्रश्न विचारतात, विचारायलाच हवेत, आणि एखाद्या म्हाताऱ्या पाळकाला तो उद्धटपणा वाटतो. पगार त्याच्या हातात असला तर सेवकाचं तोंड पुन्हा बंद, फक्त मालक बदलला. म्हणून पाच मंडळ्या हव्यात, एक नको, म्हणजे कुणा एकाच्या रागावर नोकरी जाणार नाही. कमिटीत निम्मी माणसं विद्यार्थी आणि नुकतेच बाहेर पडलेले हवेत, त्यांना मत हवं, नुसतं बसायला जागा नको. आणि पहिला सेवक नेमताना त्या भागात वाढलेली बाई मिळत असेल तर तिलाच नेमा. यावर आमच्या चर्चमध्ये अजून एकमत झालेलं नाही, पाळकसाहेबांना पाच मंडळ्यांची कल्पना पटलीय, विद्यार्थ्यांच्या मताचं अजून पटत नाहीये, त्यांना वाटतं चार वर्षांनी निघून जाणाऱ्यांनी पैशाचे निर्णय का घ्यावेत. मी त्यांना सांगितलं, निघून जातात म्हणूनच द्या, जाताना ती दहा डॉलर देणारी सभासद होऊन जातील. पुढच्या मिटिंगला हा विषय अजेंड्यावर आहे.